चाळिशीनंतर लाईन बदलायचीये? मग कोर्सची फी सगळ्यात शेवटी भरा

चाळिशीच्या आसपास "आता हे काम बास, दुसरं काहीतरी करायचं" असं डोक्यात आलं की बहुतेक जण पहिलं काय करतात, तर कोर्स शोधतात. रात्री मोबाईल हातात घ्यायचा, चार जाहिराती बघायच्या, एखादं डेमो लेक्चर ऐकायचं आणि महिन्याभरात फी भरून मोकळं व्हायचं, कारण फी भरली की काहीतरी केल्यासारखं वाटतं ना. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा आहे. आधी ते काम प्रत्यक्ष बघा, मग पैशाचा हिशोब, मग घरच्यांशी बोलणं आणि कोर्स त्याच्यानंतर. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. पंचविशीत लाईन बदलणारे यात धरलेले नाहीत, त्यांचं गणित वेगळं असतं, आपटले तरी उठायला वेळ असतो आणि सहसा त्यांच्या पगारावर अख्खं घर चालत नसतं.

पायरी १ : नक्की कशाचा कंटाळा आलाय?

तीनचार आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा, वहीत लिहा नाहीतर फोनमध्ये. आज कशाने डोकं फिरलं आणि कशात वेळ कसा गेला ते कळलंच नाही, एवढंच. मग एका बैठकीत सगळं वाचून काढा. प्रत्येक दिवशी एकाच माणसाचं नाव येत असेल तर तुम्हाला लाईन नाही, साहेब बदलायचाय आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. प्रवास, शिफ्ट, सुट्टीच्या दिवशी येणारे फोन हेच परत परत येत असेल तर तेच काम दुसऱ्या कंपनीत करून बघा. कामाचा जो गाभा आहे, म्हणजे शिक्षकाला शिकवणं, अकाउंटंटला आकडे, त्याचाच वीट आला असेल तर मात्र पुढे वाचा.

इथे एक विचार हमखास आडवा येतो, "वीस वर्षं घातली ती काय पाण्यात घालायची?" यावर आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांचा १९८५ चा एक प्रयोग आहे. नाटकांच्या सीझन तिकिटावर, म्हणजे सीझनभराच्या नाटकांच्या एकत्र तिकिटावर, काहींना कुठलंही कारण नसताना सूट दिली आणि काहींनी पूर्ण पैसे भरले. नाटकं तीच, पैसे दोघांचेही गेलेलेच, तरी पूर्ण पैसे भरलेल्यांनी सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकं बघितली. पैसे वसूल करायला! वीस वर्षांचंही तसंच होतं, ती वर्षं गेली ती गेलीच, आता पुढच्या वीस वर्षांत काय करायचं एवढाच प्रश्न उरतो. आणि हे लक्षात ठेवा कारण हीच गोची पुढे कोर्सच्या वेळी उलट्या बाजूने होते, काम आवडत नाही हे कळलेलं असतं पण फी भरलीये म्हणून माणूस रेटत राहतो.

पायरी २ : दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका

नोकरीत दोन भाग असतात, तुम्ही काय करता आणि कुठल्या क्षेत्रात करता. यातला एकच बदलला तर तुमचा अर्धा अनुभव सोबत येतो. हॉस्पिटलमधली नर्स आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात गेली तर काम नवीन पण क्षेत्र ओळखीचं, डॉक्टरांचं अक्षर आणि औषधांची नावं तिला कोणी शिकवावी लागत नाहीत. कारखान्यात मेंटेनन्स बघणारा सेफ्टीकडे जातो, शाळेतली शिक्षिका कंपनीच्या ट्रेनिंग विभागात जाते, बँकेत कर्जाच्या फायली बघणारा डेटाच्या कामाकडे वळतो पण बँकेच्याच डेटाकडे. नर्सने एकदम गेम डिझाईनला जायचं ठरवलं तर जमणारच नाही असं नाही, पण मग ती खरंच शून्यावर आहे आणि तिची स्पर्धा बावीस वर्षांच्या पोरांशी आहे जी रात्रभर जागू शकतात.

बिझनेस सुरू करणाऱ्यांबद्दल अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, अझूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०२० मध्ये छापून आला. तिथल्या सगळ्यात वेगाने वाढलेल्या, म्हणजे वरच्या हजारात एक अशा नव्या कंपन्या काढणाऱ्यांचं सुरुवातीचं सरासरी वय निघालं ४५. हे वाक्य मोटिव्हेशनल भाषणात सगळे सांगतात पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, की ज्यांना त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव होता त्यांना यश मिळण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणजे वयाचा फायदा आहे, पण जुनं सगळं फेकून दिलं तर तो फायदा राहील कुठून?

पायरी ३ : जाहिराती वाचा, माणसांशी बोला

जे काम करायचंय त्याच्या नोकरीच्या तीसचाळीस जाहिराती उघडा, अर्ज करायला नाही, नुसत्या वाचायला. प्रत्येकीत काय काय मागितलंय ते लिहून काढा आणि परत परत येणाऱ्या गोष्टींवर खूण करा. दोन तासांचं काम आहे पण त्यातून जो सिलॅबस तयार होतो तो कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा खरा असतो, आणि बरेचदा असं कळतं की दहातल्या चार गोष्टी तुम्ही आत्ताच करताय, फक्त तुमच्याकडे त्यांना वेगळं नाव आहे.

मग माणसं शोधा. त्या कामात वीस वर्षं काढलेल्या साहेबापेक्षा दोनतीन वर्षांपूर्वी आलेला माणूस जास्त उपयोगी, कारण दार आता कुठून उघडतं ते त्याला माहीत असतं, साहेब आत शिरले तेव्हाचं दार कदाचित बंद झालेलं असेल. विचारायचं काय? "काम कसं आहे" असं विचारलं की "छान आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा की कालचा पूर्ण दिवस कसा गेला, कुठल्या कामाचा सगळ्यात कंटाळा येतो, तुमच्या टीममध्ये गेल्या वर्षभरात कोणाला घेतलं आणि तो आधी काय करायचा, माझ्या वयाचा कोणी आलाय का. वीस मिनिटं मागा आणि वीस मिनिटांत उठा.

ही माणसं सापडणार कुठे, तर जवळच्या मित्रांत सहसा नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची माहिती दिलीये, त्यात ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस नेहमी भेटणारा होता असे साधारण १७ टक्केच, अधूनमधून भेटणारा होता असे ५६ टक्के आणि क्वचितच भेटणारा असे २८ टक्के. कारण सरळ आहे, जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. म्हणून जुने सहकारी, कॉलेजातले ज्यांच्याशी आठदहा वर्षं बोलणं नाही ते, मुलांच्या मित्रांचे आईवडील, यांना मेसेज करा. लाज वाटते, मान्य आहे, पण "नोकरी लावून द्या" असं आपण म्हणतच नाहीये, माहिती विचारतोय, आणि आपल्या कामाबद्दल बोलायला लोकांना आवडतं.

पायरी ४ : थोडं काम करून बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

आत्ताची नोकरी चालू ठेवून त्या कामाचा छोटासा तुकडा खरोखर करा. अनुवाद करायचाय तर एखाद्या संस्थेचं पंधरा पानांचं काम फुकट घ्या आणि सांगितलेल्या तारखेला द्या. समुपदेशनाकडे जायचंय तर आधी एखाद्या हेल्पलाईनवर स्वयंसेवक म्हणून बसा, ते लोक ट्रेनिंगही देतात. सुतारकाम, बेकरी, इलेक्ट्रिकचं काम असेल तर कोणाच्या तरी हाताखाली काही शनिवार रविवार काढा. कोडिंग करायचंय तर स्वतःच्या ऑफिसातली एखादी कटकटीची एक्सेल फाईल आपोआप चालेल असं करून दाखवा. खरं गिऱ्हाईक आणि खरी डेडलाईन असली की जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही, पाठ कशी दुखते, चुकल्यावर समोरचा कसा बोलतो, तेच तेच किती करावं लागतं वगैरे. कित्येकांचं इथेच लक्षात येतं की आपल्याला बेकिंग आवडतं पण पहाटे तीनला उठून रोज तोच पाव दोनशे वेळा करणं आवडत नाही. हे दोन रविवारांत कळलं तर दोन वर्षं वाचली.

फक्त त्याआधी स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. बाहेरचं काम करायला बंदी, प्रतिस्पर्धी कंपनीत जायला बंदी, तुम्ही बनवलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं, अशी कलमं असतात. ऑफिसचा लॅपटॉप तर बाहेरच्या कामाला वापरूच नका.

पायरी ५ : पैसे

लोक फी किती एवढंच बघतात. फी हा बरेचदा सगळ्यात छोटा आकडा असतो हो, मोठा खड्डा पडतो तो न मिळालेल्या पगाराचा. कागदावर तीन गोष्टी मांडा. एक, घर चालायला महिन्याला कमीत कमी किती लागतात, म्हणजे भाडं किंवा हप्ता, किराणा, शाळा, औषधं, विमा. हॉटेल आणि फिरणं वेगळं काढा. दोन, पगाराशिवाय किती महिने. शिकायला ९ महिने धरले तर नोकरी शोधायला अजून ६ धरा, कारण शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी कोणी ऑफर लेटर घेऊन उभं नसतं, म्हणजे झाले १५ महिने. तीन, नवीन ठिकाणी सुरुवातीचा पगार आणि आत्ताचा पगार यातला फरक, आणि तो किमान दोन वर्षं राहील असं धरून. पहिला आकडा गुणिले १५, अधिक त्या फरकाचे २४ महिने, अधिक फी, अधिक अचानक खर्चासाठी काहीतरी. हा आकडा बघून पोटात गोळा आला तर उलट चांगलंय, आत्ता आलेला बरा.

आकडा जमत नसेल तर बेत सोडायची गरज नाही, वेग कमी करा. नोकरी चालू ठेवून ९ महिन्यांचं शिक्षण दोन वर्षांत करा, किंवा आधी एकदोन कर्जं फेडा. पगारासोबत येणाऱ्या पण स्लिपवर ठळक न दिसणाऱ्या गोष्टी विसरू नका, आरोग्य विमा कंपनीचा असेल तर नोकरी सुटली की सहसा जातो, आणि या वयात नवीन घेताना आधीचे आजार विचारतात म्हणून तो आधी घ्या. निवृत्तीच्या पैशाला हात लावू नका. पन्नाशीत तिथून काढलेला पैसा परत भरायला तुमच्याकडे वर्षंच उरलेली नसतात, आणि चक्रवाढीचा खरा फायदा शेवटच्या वर्षांतच दिसतो.

पायरी ६ : घरच्यांना आकडे दाखवा

स्वप्न सांगू नका, वरचा कागद दाखवा. नवरा किंवा बायको विरोध करते तेव्हा बऱ्याचदा तिला नवीन कामाची भीती नसते, किती दिवस ओढाताण चालणार आणि जमलं नाही तर काय, हे माहीत नसल्याची असते. म्हणून माघारीची तारीख आधीच ठरवा, अमुक महिन्यापर्यंत अमुक झालं नाही तर परत जुन्या लाईनमध्ये अर्ज करायचे. घरातली कामं कोण करणार तेही बोलून घ्या, विशेषतः शिकणारी बाई असेल तर, कारण तिचा अभ्यास सगळ्यांची जेवणं आणि आवराआवर झाल्यावर रात्री साडेदहाला सुरू होतो आणि मग म्हणायचं की वयामुळे लक्षात राहत नाही! वयाने नाही, झोपेने लक्षात राहत नाही.

पायरी ७ : आता कोर्स

पहिला प्रश्न, या कामाला लायसन्स लागतं का? नर्सिंग, वकिली, औषधं देणं अशा कामांत मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणीशिवाय पर्याय नाही, तिथे परवाना देणाऱ्या कौन्सिलच्या वेबसाईटवर जाऊन संस्थेचं नाव स्वतः तपासा, वयाची अट, प्रॅक्टिकलचे तास सगळं बघा. डिझाईन, सॉफ्टवेअर, मार्केटिंग, लिखाण यात सर्टिफिकेटपेक्षा करून दाखवलेलं काम जास्त बोलतं, तिथे लाखमोलाचा कागद विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

"९५ टक्के प्लेसमेंट" असं दिसलं की विचारा, कशाच्या ९५ टक्के? प्रवेश घेतलेल्यांच्या, पूर्ण केलेल्यांच्या, की त्यांनी स्वतः "पात्र" ठरवलेल्यांच्या? पार्टटाईम काम, इंटर्नशिप, त्याच क्लासमध्ये असिस्टंट म्हणून ठेवलेले विद्यार्थी, हे पण धरलेत का? आणि माजी विद्यार्थी तुम्ही स्वतः शोधा, त्यांनी गाठ घालून दिलेले तीन नकोत. उत्तर द्यायला का-कू करणाऱ्या, "आज रात्री बारापर्यंतच डिस्काउंट" म्हणणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून या.

फुकटचे ऑनलाईन कोर्स सुरुवातीला मस्तच, पण ते पूर्ण करणं अवघड असतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाईन कोर्सेसची जी आकडेवारी २०१९ मध्ये छापून आली त्यात २०१७-१८ साली नाव घातलेल्यांपैकी पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते, आणि सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांत ४६ टक्के. त्यामुळे फुकटच्या कोर्सचे पहिले दोन आठवडे ही स्वतःची परीक्षा समजा. तेवढे पूर्ण झाले आणि पुढचं उघडावंसं वाटलं, तर पैसे भरा.

पायरी ८ : या वयात अभ्यास कसा

"आता डोकं चालत नाही" हे अर्धं खरं आहे. नवीन गोष्ट झटकन पकडण्याचा वेग तिशीनंतर हळूहळू कमी होतो, शब्दसंपत्ती आणि साठवलेलं ज्ञान मात्र त्यानंतरही बराच काळ वाढत राहतं. टिमोथी सॉल्टहाऊस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांवर केलेला अभ्यास मला फार आवडतो. वयस्कर टायपिस्टांची बोटं साध्या चाचणीत हळू निघाली, पण प्रत्यक्ष टायपिंगचा वेग काही कमी नव्हता. कारण त्यांची नजर मजकुरात तरुणांपेक्षा पुढे धावत होती, पुढची अक्षरं आधीच टिपून ठेवत होती. म्हणजे वेग गेला तरी अंदाज वाढतो, फक्त तो अंदाज ओळखीच्या कामातूनच येतो, आणि पायरी २ मध्ये एकच गोष्ट बदला म्हटलं त्याचं हेही एक कारण आहे.

पद्धत मात्र बदला. शाळेत करायचो तसं परत परत वाचणं आणि पिवळ्या रंगाने रेघा मारणं सोडा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होती, पण आठवड्याने बघितलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारी पुढे गेली. तर वाचा, मिटा, कागदावर आठवेल ते लिहा, राहिलेलं बघा, दोन दिवसांनी परत, मग आठवड्याने परत. वैताग येतो, पण लक्षात राहतं ते असंच. ऑफिसवरून आल्यावर तीन तास बसण्यापेक्षा सकाळचा एक तास बरा. आणि चाळिशीत जवळचं वाचताना डोकं दुखत असेल तर आधी डोळे तपासून घ्या, कितीतरी लोकांची "एकाग्रता" चष्म्याने परत येते.

पायरी ९ : ज्युनियर होणं

हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. काल तुमच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता आणि आज तुमच्या मुलीच्या वयाची टीमलीड सांगते की हे परत करून आणा. पैशाची अडचण आधी मोजता येते, हा त्रास मोजता येत नाही, आणि मला वाटतं निम्म्याहून जास्त लोक अभ्यासाने नाही, याच्यामुळे मागे फिरतात. तयारी म्हणून एवढंच सांगेन की आत्तापासून जिथे आपण कच्चे आहोत तिथे बसायची सवय लावा, वर्गात पहिला बावळट प्रश्न तुम्ही विचारा, बाकीच्यांनाही तो पडलेला असतो. "आमच्याकडे हे असं करायचे" हे वाक्य पहिले तीन महिने गिळा. तुमचा अनुभव उपयोगी पडतो तो वेगळ्याच ठिकाणी, क्लायंट भडकलाय आणि सगळी पोरं गांगरलीत तेव्हा, आणि तो तिथे न सांगताच दिसतो. त्या टीमलीडला अहो-जाहो करायचं की नावाने हाक मारायची हा प्रश्न असेल तर तिथले सगळे जे करतात ते करा.

पायरी १० : अर्ज

रेझ्युमे दोन पानांचा, नवीन कामाशी जुळणारं सगळं वर, जुन्या पदव्या आणि पहिल्या दोन नोकऱ्या एका ओळीत. ऑनलाईन अर्जांवर फार विसंबू नका, लाईन बदललेल्या माणसाचा कागद पहिल्याच चाळणीत अडकतो कारण त्यावर अपेक्षित पदनाम नसतं, म्हणून पायरी ३ मधल्या माणसांकडूनच आत पोचवा. इंटरव्ह्यूत "एवढा अनुभव असून इथे का?" हे येणारच. जुन्या कंपनीची रडकथा सांगू नका, पायरी ४ मध्ये केलेलं काम समोर ठेवा, "हे करून बघितलं, हे जमलं, याच्यापुढे हे शिकायचंय." पगार कमी असला तरी चालेल हे तुम्हीच आधी बोला, म्हणजे दोन महिन्यांत सोडून जाईल ही त्यांची भीती जाते. वयावरून नाकारण्याविरुद्ध कायदे बऱ्याच देशांत आहेत, अमेरिकेत तर चाळिशी आणि त्यापुढच्यांसाठी १९६७ पासून आहे, पण नकाराच्या पत्रात वय कोणी लिहीत नाही, त्यामुळे सिद्ध करणं कठीण. ज्या कंपनीच्या टीमच्या फोटोत एकही पिकलेला केस दिसत नाही तिथे वेळ कमी घालवा.

आणि ऑफर आली तरी पहिलं वर्षभर जुन्या लाईनचं नोंदणीपत्र, मेंबरशिप, लायसन्स जे काही असेल ते रिन्यू करत रहा. एकदा लॅप्स झालं की परत मिळवताना काही ठिकाणी परीक्षेपासून सुरुवात करायला लावतात.